मुरुडला निघण्याआधी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

कोणती लेन्स घेऊ, असं तू विचारलंस. आहे तो कॅमेरा ने, नसेल तर फोन पुरे. त्याआधी भिंतीवरचं कालनिर्णय काढ आणि त्या दिवसांच्या तिथी बघून ठेव. आजी, आई-बाबा, आत्या आणि तिची दोन पोरं, एवढं सगळं घर दापोलीजवळच्या मुरुडला चाललंय. फोटो त्यांचे काढायचे आहेत, आणि त्यासाठी त्यांच्याकडे बघायला तुला सवड हवी. पाण्याचं आणि उन्हाचं गणित घरूनच करून गेलास तर ती मिळेल.

पाण्याचं गणित सोपं आहे. आपल्या किनाऱ्यावरचे जुने लोक तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या आसपास भरती. अष्टमीला आठ पाऊणे सहा. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशोब तोच. भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी, आणि रोज हे सगळं पाऊण तासाने पुढे सरकतं. थोडं मागेपुढे होतं. फोटोंपुरतं ते चालतं, पाण्यात उतरायचं असेल तेव्हा मात्र गावातल्या माणसाला विचारूनच उतरा.

आता हे सूर्यास्ताशी जुळवून बघ. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास बुडतो. अष्टमीला नेमकी तेव्हाच भरती, म्हणजे पाणी वर चढलेलं आणि पोरांना पळायला वाळूची अरुंद पट्टी. पौर्णिमा-अमावास्येला उधाणाची भरती दुपारीच येऊन जाते आणि संध्याकाळी समुद्र पार आत गेलेला असतो. मागे राहिलेली ओली वाळू इतकी लखलखीत असते की अख्खं आभाळ तिच्यात उतरतं, आणि तिच्यावरून पळणाऱ्या पोराच्या तळव्याला दुसऱ्या पोराचा तळवा खालून येऊन चिकटतो. अशा वेळी कॅमेरा जवळजवळ वाळूला टेकव आणि पोरांना काहीही सांगू नकोस. उडालेलं पाणी जागच्या जागी थांबायला हवं तर शटरचा वेग 1/1000 सेकंदाच्या आसपास ठेव.

उन्हाचं म्हणशील, तर आपला समुद्र पश्चिमेला आहे हे एवढं लक्षात ठेव. सकाळी ऊन डोंगरामागून, माडांवरून येतं. आठ-साडेआठला पाणी निळं आणि समुद्राकडे पाठ करून उभ्या माणसांचे चेहरेही उजळ. समुद्र हवाच असेल तर तो सकाळी घे. संध्याकाळी सगळे सूर्याकडे पाठ करून रांगेत उभे राहतात आणि चेहरे काळे पडतात. तू उलट कर. त्यांना समुद्राकडे तोंड करून वाळूत बसू दे आणि घोटाभर पाण्यात तू जाऊन उभा राहा. मावळतीचं ऊन थेट चेहऱ्यांवर पडतं, मागे सुरूची झाडं. समुद्र फोटोत आला नाही तरी बिघडत नाही. माणसं तो बघताहेत हे चेहऱ्यावर दिसतं. फक्त लाटांकडे पाठ असेल तेव्हा बाबांना शेजारी लक्ष ठेवायला सांग, आणि काळ्या खडकांवर असलं काही करूच नकोस. तिथे शेवाळावरून पाय कधी सटकतो ते कळत नाही. पोरं पाण्यात असताना दुसरं एक मोठं माणूस त्यांच्याकडे बघत असल्याशिवाय कॅमेरा डोळ्याला लावायचा नाही, हे तर तुला सांगायलाच नको.

अकरा ते तीन किनाऱ्यावर जाऊ नकोस. त्या उन्हात डोळ्यांच्या खोबणीत नुसती सावली भरते. मला विचारशील तर सहलीतले सगळ्यात चांगले फोटो याच वेळात मिळतात, आणि ते मिळतात उतरलेल्या घराच्या पडवीत. समोरच्या अंगणावर ऊन पडतं आणि तिथून परतून मऊ होऊन आत येतं, खालून वर, चेहऱ्यावर. फ्लॅश लागत नाही. आजी घरमालकीणबाईंबरोबर वाल सोलायला बसेलच, तिला राहवणार नाही. भिजून मोड आलेला वाल अंगठ्याने दाबला की दाणा सटकन ताटात पडतो आणि साल बोटालाच चिकटून राहते. थोड्या वेळाने तिच्या बोटांवर त्या साली सुकून बसतात. जवळ जा, तिच्या शेजारी बस, गप्पा मारता मारता तिचे हात काढ. आत्याला जेवणानंतर सुपारी कातरताना काढ, बाबांना खांबाला टेकून पेंगताना. इकडे बघा, हसा, असं कुणालाही म्हणू नकोस.

हर्णैला मासळीचा लिलाव बघायला जालच. पाठीमागे समुद्रात सुवर्णदुर्ग, समोर टोपल्या ओतल्या जाताहेत, हात आपोआप कॅमेऱ्याकडे जातो. पण ती त्या बायकांची धंद्याची वेळ असते. वाटेत उभा राहू नकोस. आधी मासळी घे, दोन शब्द बोल, मग विचार. नको म्हणाल्या तर नको. तसंच पोरांचे अंघोळीचे, उघड्या अंगाचे फोटो घराबाहेर कुणाला पाठवायचे नाहीत, आत्या हो म्हणाली तरी.

वाळूत लेन्स बदलू नकोस. वारं खारं असतं, तेव्हा रोज रात्री कॅमेरा ओलसर मऊ फडक्याने आणि नंतर कोरड्याने पूस. फोनची काचसुद्धा, तळलेल्या सुरमईचं बोट लागलं की सगळे फोटो धुरकट येतात.

परत आल्यावर महिन्याच्या आत फोटो निवडून छापून घे, सगळे नकोत. घरमालकीणबाईंचा पत्ता पिनकोडसकट निघतानाच लिहून घे आणि वाल सोलतानाचा एक फोटो त्यांना पोस्टाने पाठव. आजीसाठी 4 बाय 6 छापू नकोस, 8 बाय 10 घे. तिला चष्मा शोधावा लागणार नाही.

कळावे,
काका