सर्टिफिकेट खरं आहे, पण ते याच हिऱ्याचं आहे का?

प्रश्न : हिऱ्यासोबत जीआयएचा, म्हणजे हिऱ्यांची प्रत ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेचा, रिपोर्ट मिळाला. त्यावरचा क्रमांक त्यांच्या वेबसाइटवर टाकून पाहिला, सगळी माहिती तंतोतंत जुळली. आता निर्धास्त व्हायला हरकत नाही ना?

हरकत आहे. त्या क्रमांकाचा एक हिरा कधीतरी प्रयोगशाळेत तपासला गेला, एवढंच यातून कळलं. तो हिरा आत्ता तुमच्या हातात आहे, हे वेबसाइट सांगू शकत नाही. खोटा कागद छापणारे आहेतच, पण खरा क्रमांक उसना घेणारे जास्त त्रासदायक. नैसर्गिक हिऱ्याच्या रिपोर्टचा क्रमांक उचलायचा, जवळजवळ त्याच वजनाचा आणि मापाचा लॅबमध्ये वाढवलेला हिरा शोधायचा आणि लेझरने तोच क्रमांक त्याच्या कडेवर कोरायचा. असे खडे जीआयएच्या स्वतःच्या प्रयोगशाळांत पकडले गेले आहेत. त्यातला एखादा तर हिराही नव्हता, मॉइसनाइट (हिऱ्यासारखा दिसणारा वेगळाच खडा) निघाला.

म्हणून कागद आणि खडा शेजारी ठेवून पाहायचं. सुरुवात मापांपासून करा. गोल हिऱ्याच्या रिपोर्टवर ६.४३ – ६.४७ × ३.९८ मिमी असं काही लिहिलेलं असतं : सर्वात कमी व्यास, सर्वात जास्त व्यास आणि उंची. दोन उपकरणांत मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा थोडा फरक पडतो, तो चालेल. दहाव्या भागाचा फरक आला तर खडा वेगळा आहे, किंवा रिपोर्टनंतर त्याला पुन्हा पैलू पाडलेत.

मग आतल्या खुणा. मोठ्या रिपोर्टवर हिऱ्याची आकृती असते. तिच्यात लाल रंगाने आतले दोष आणि हिरव्याने पृष्ठभागावरचे दाखवलेले असतात. फसवणारा माप जुळवेल, क्रमांक कोरेल. पण टेबलाखाली, म्हणजे हिऱ्याच्या माथ्यावरच्या सपाट पैलूखाली, डाव्या बाजूला असलेला बारीक स्फटिक आणि त्याच्या शेजारची पिसासारखी चीर दुसऱ्या खड्यात कुठून आणणार? दहापट भिंगाखाली, आकृती फिरवत फिरवत, एक तरी ठळक खूण शोधा. रिपोर्टवर व्हीएस२ किंवा एसआय असा स्वच्छतेचा दर्जा असलेल्या, म्हणजे थोडे दोष असलेल्या हिऱ्यात सरावाच्या डोळ्याला ती सापडते. व्हीव्हीएसमध्ये, म्हणजे अगदीच बारीक दोषांच्या दर्जात, मात्र ती जाणकारालाही चकवते, तिथे या परीक्षेवर फार विसंबू नका. छोट्या डॉसियर प्रकारच्या रिपोर्टवर आकृतीच नसते, त्यामुळे तिथे मापांवर आणि पुढे सांगितलेल्या फ्लुरोसन्सवर (अतिनील प्रकाशात खडा चमकण्यावर) भर द्यावा लागतो.

प्रश्न : कोरलेला क्रमांक मला दिसतच नाही. म्हणजे हिरा खोटा?

तेवढ्यावरून नाही. क्रमांक गर्डलवर असतो, म्हणजे वरचा आणि खालचा भाग मिळतात त्या पातळ पट्टीवर. वरून पाहिलं तर तो दिसणारच नाही. खडा चिमट्यात आडवा धरा, प्रकाश बाजूने येऊ द्या आणि हळूहळू फिरवा. दहापट भिंगाने अक्षरं कशीबशी लागतात, वीसपट असेल तर बरं. दागिन्यात बसवलेल्या हिऱ्याचा क्रमांक नखीखाली दडलेला असू शकतो. शिवाय सगळ्याच हिऱ्यांवर तो कोरलेला नसतो. कोरलेला असेल तर रिपोर्टमध्ये तशी नोंद असते. नोंद आहे आणि सुट्या खड्यावर क्रमांक नाही, तर मात्र थांबा. पॉलिश करून तो काढताही येतो.

प्रश्न : विक्रेत्याने डायमंड टेस्टर लावून दाखवला, ‘बीप’ वाजला. आणखी काय हवं?

साधा टेस्टर खडा उष्णता किती झपाट्याने वाहून नेतो ते बघतो. लॅबमध्ये वाढवलेला हिरा हा हिराच असल्याने तो वाजणारच, आणि साध्या टेस्टरला मॉइसनाइटही चकवतं. या ‘बीप’ला तुमच्या रिपोर्टशी काही घेणंदेणं नाही.

खडा सुटा असेल तर तराजू जास्त कामाचा. एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम. गोल ब्रिलियंटसाठी, म्हणजे नेहमीच्या गोल घाटाच्या हिऱ्यासाठी, सरासरी व्यासाचा वर्ग गुणिले उंची गुणिले ०.००६१ केलं की कॅरेटमध्ये अंदाजे वजन मिळतं. वरच्या मापांचं उत्तर सुमारे १.०१ येतं. त्याच मापाचं मॉइसनाइट ०.९२च्या आसपास भरेल आणि अमेरिकन डायमंड दीडपटीहून जड. लॅबच्या हिऱ्याची घनता मात्र नैसर्गिक हिऱ्याइतकीच, त्यामुळे तो तराजूवर सापडत नाही.

तिथे फ्लुरोसन्सची नोंद उपयोगी पडते. ३६५ नॅनोमीटरचा यूव्ही (अतिनील) टॉर्च अंधारात मारा. रिपोर्टवर ‘स्ट्राँग ब्लू’ (ठळक निळी चमक) लिहिलंय आणि खडा काळाठिक्कर राहिला, तर कागद त्याचा नाही. उलट, ‘नन’ (चमक नाही) लिहिलेलं असताना खडा ठळकपणे चमकला, तरी तेच. जुळलं म्हणून खरा ठरत नाही, पण जुळलं नाही तर पुढचं बोलणंच खुंटतं.

प्रश्न : सर्टिफिकेटवर क्यूआर कोड आहे. तो स्कॅन केला तर चालेल ना?

नको. खोट्या कागदावरचा कोड हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या साइटवर नेऊ शकतो. प्रयोगशाळेचा पत्ता ब्राउझरमध्ये स्वतः टाइप करा. विक्रेत्याने व्हॉट्सअॅपवर पाठवलेली लिंकही त्याच माळेतली.

प्रश्न : रिपोर्टवर किंमतही छापलेली आहे, ती धरून चालावी का?

जीआयएच्या ग्रेडिंग रिपोर्टवर किंमत कधीच नसते. त्यांच्या नावाच्या कागदावर ती दिसली, तर तिथेच सौदा थांबवा.

प्रश्न : एवढं करूनही शंका राहिली तर?

मग खडा प्रयोगशाळेकडे पडताळणीसाठी पाठवावा. जीआयए फक्त सुट्या हिऱ्याचं ग्रेडिंग करते, म्हणजे अंगठीतला खडा आधी काढावा लागेल. आयजीआय ही दुसरी प्रयोगशाळा मात्र दागिन्यात बसवलेल्या हिऱ्यांचेही रिपोर्ट देते. पैसे देण्याआधीच विक्रेत्याकडून लिहून घ्या : तपासणीत खडा रिपोर्टशी जुळला नाही, तर पूर्ण रक्कम परत आणि तपासणीचा खर्च त्याचा. खडा पाठवण्यापूर्वी दोघांसमोर वजन करून, मापं नोंदवून, पाकीट सीलबंद करा. नाहीतर परत आलेला खडा कुणाचा, यावरूनच नवा वाद सुरू होतो. अशा अटीवर सही करायला जो का-कू करतो, त्याच्याकडचा हिरा मी तरी घेणार नाही, रिपोर्ट कितीही खरा असला तरी.