जोहान्सबर्गची नोकरी घेण्याआधी

तुम्ही विचारलंत, जोहान्सबर्गच्या सँडटन या श्रीमंत व्यापारी भागात नोकरी मिळतेय, बायको-मुलांना घेऊन यावं का, आणि वर्णभेद संपल्यावर दक्षिण आफ्रिकेत आपलं भारतीयांचं स्थान काय? हवा, शाळा, पगार याबद्दल निर्धास्त या. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जरा मोठं आहे.

१९९४ ला मताचा हक्क सगळ्यांना मिळाला, जमीन आणि पैसा मात्र बराचसा होता तिथेच राहिला. १९१३ च्या कायद्याने कृष्णवर्णीयांसाठी देशाची जेमतेम ७ टक्के जमीन ठेवली होती. १९५० च्या ग्रुप एरियाज कायद्याने शहरांची वर्णावर वाटणी केली, ती अजून डोळ्यांना दिसते. सँडटनच्या टॉवरांपासून अलेक्झांड्रा ही दाटीची वस्ती काही किलोमीटरवर, मध्ये एम-वन महामार्ग. सकाळी ग्रेस्टनच्या पुलावरून घरकामाच्या बायका, सिक्युरिटी गार्ड चालत सँडटनकडे येताना दिसतील. त्याच सँडटनमध्ये आज कृष्णवर्णीय वकील, डायरेक्टरही आहेत, हा बदल खरा आहे. पण देशात बेरोजगारी तीस टक्क्यांच्या वर आहे आणि तिचा भार मुख्यतः कृष्णवर्णीयांवरच आहे.

आता ‘बीईई’, म्हणजे वर्णभेदात डावललेल्यांना उद्योगधंद्यात वाटा मिळावा म्हणून केलेला कायदा. कंपनीत कोणाला किती वाटा दिला, यावर तिला गुण मिळतात. आपल्याकडच्या आरक्षणाशी तुलना करताना एक लक्षात घ्या, इथे डावललेले लोकच बहुसंख्य आहेत. इथले जुने भारतीय या कायद्यात ‘ब्लॅक’ धरले जातात, कारण त्यांनाही घरांतून उठवून लेनेशियासारख्या लांबच्या वस्त्यांत टाकलं होतं. तुम्ही आज येणार, त्यामुळे तुम्ही त्यात नाही. बढतीत हे जाणवेल. मला ते न्याय्य वाटतं. व्हिसाचं नूतनीकरण कंपनी करणार का, हे मात्र आधीच लेखी घ्या.

भारतीय म्हणजे कोणाच्या अध्यातमध्यात नसलेला, असं इथे कोणी मानत नाही. जुलै २०२१ च्या दंगलीत डर्बनजवळच्या भारतीय बहुसंख्य फिनिक्समध्ये तीसहून अधिक माणसं मारली गेली, बहुतेक कृष्णवर्णीय, आणि ठपका तिथल्या काही भारतीय रहिवाशांवर आला. राष्ट्राध्यक्ष झुमांशी जवळीक साधून सरकारी पैसा लुटल्याचा आरोप असलेल्या, भारतातून आलेल्या गुप्ता बंधूंचं प्रकरणही लोक विसरलेले नाहीत.

घरी कामाला बाई ठेवाल, तेव्हा शेजारची आपलीच माणसं सांगतील, ‘इथे सगळे एवढंच देतात.’ ऐकू नका. मार्च २०२५ मध्ये किमान वेतन ताशी २८.७९ रँड झालं, ते दरवर्षी वाढतं. लेखी करार करा, बेकारी विम्याचे पैसे भरा, आणि मिनीबस टॅक्सीचं भाडं वेगळं द्या. तिचं घर इतकं लांब का, ते वर सांगितलंच आहे.