ग्रहविज्ञानात यायचंय ना, मग आधी शुक्राचा जुना डेटा उघड

प्रिय मुली,

तुझा लांबलचक मेल दोनदा वाचला. एमएस्सी जिऑलॉजीचं दुसरं वर्ष, घरी सगळे म्हणतायत एमपीएससीला बस, आणि तुला मात्र दुसऱ्या ग्रहांवरच्या दगडांचं काम करायचंय. शेवटी विचारलंयस की ताई, या फील्डमध्ये आत्ता येण्यात अर्थ आहे का, बातम्या तर सगळ्या वाईटच येतायत. अर्थ आहे, नक्की आहे. पण बातम्या पण खोट्या नाहीत, म्हणून आधी त्याच घेते.

अमेरिकेत मे २०२५ मध्ये सरकारने नासाच्या विज्ञान विभागाचं बजेट जवळपास निम्म्यावर आणायचा प्रस्ताव मांडला. संसदेने तो तसा मान्य केला नाही आणि बरेचसे पैसे वाचले, पण मधले कित्येक महिने कुणालाच माहीत नव्हतं की आपल्या ग्रँटचं काय होणार, आणि अशा वेळी सगळ्यात आधी थांबते ती नवीन मुलांची भरती. त्यात नासाच्या जेपीएल या प्रयोगशाळेतून फेब्रुवारी २०२४ मध्ये साधारण ५३०, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सव्वातीनशे आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा साडेपाचशेच्या आसपास लोकांना काढलं. ही अनुभवी माणसं आता त्याच पोस्टडॉकच्या (पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या) आणि नोकरीच्या जागांसाठी अर्ज करतायत. म्हणून अमेरिका हा एकच दरवाजा धरून बसू नकोस, एवढंच माझं म्हणणं. आणि हो, ते इन्स्टावर 'नासात इंटर्नशिप लावून देतो' म्हणून पैसे मागणारे असतात ना, त्यांना एक रुपयाही देऊ नकोस, नासाच्या नेहमीच्या इंटर्नशिप अमेरिकन नागरिकांसाठीच असतात.

आता दुसरी बाजू बघ, जी तुझ्या मेलमध्ये कुठेच नव्हती आणि मला त्याचंच आश्चर्य वाटलं. १८ सप्टेंबर २०२४ ला आपल्या केंद्रीय मंत्रिमंडळाने एकाच दिवशी चांद्रयान-४ आणि शुक्राची मोहीम, दोन्ही मंजूर केल्या. चांद्रयान-४ चंद्रावरची माती परत आणणार, त्याला २१०४ कोटी. शुक्राभोवती फिरणाऱ्या यानाला, म्हणजे ऑर्बिटरला, १२३६ कोटी आणि उड्डाणाचं लक्ष्य मार्च २०२८. पुढे मार्च २०२५ मध्ये चांद्रयान-५ पण मंजूर झालं, जपानबरोबर, त्याचा रोव्हर २५० किलोचा असणार आहे, चांद्रयान-३ चा आपला प्रज्ञान जेमतेम २६ किलोचा होता. बाहेर बघायचं तर युरोपचं ज्यूस यान २०३१ मध्ये गुरूपाशी पोचेल, अमेरिकेचं युरोपा क्लिपर २०३० मध्ये. हे सगळं तुझ्या वयाशी लावून बघ. तू पुढच्या एक-दोन वर्षांत पीएचडीला लागलीस तर तुझ्या थिसिसच्या मधोमध हा डेटा यायला लागतो. मोहिमांच्या तारखा पुढे ढकलल्या जातात, हे पण धरून चाल, म्हणजे सगळा थिसिस एकाच यानावर टांगायचा नाही, जुन्या डेटावर अर्धं काम उभं पाहिजे.

आणि यातलं तू काय धरावंस हे विचारशील तर माझं उत्तर शुक्र. सगळे चंद्राकडे पळतायत, चांद्रयान-३ नंतर तर फारच, ते साहजिक आहे. पण तू जन्मापासून दख्खनच्या काळ्या दगडावर, म्हणजे बेसाल्टवर, वाढलीस. फील्डला जाऊन लाव्हाचे थर मोजलेस, थरांमधले लाल मातीचे बोल बेड बघितलेस, कुठला थर कुठल्यावर बसलाय हे तुला नुसतं बघून कळतं. शुक्राच्या पृष्ठभागाचा मोठा भाग ज्वालामुखीतून आलेल्या मैदानांनी भरलाय आणि सोव्हिएत यानांनी तिथे उतरून जे मोजलं ते बरंचसं बेसाल्टसारखंच निघालं. फक्त तिथे दाट ढग असल्यामुळे साध्या कॅमेऱ्याने वरून जमीन दिसत नाही, रडारच लागतो, आणि इस्रोच्या शुक्र मोहिमेवर रडार आहे. बेसाल्ट कळणारी आणि रडार कळणारी अशी दोन्ही असलेली मुलं आपल्याकडे खरंच कमी आहेत गं. बेसाल्ट तुला येतो. रडार शिकता येतो.

एक गोष्ट सांगते, ती नीट वाच कारण मला जे म्हणायचंय ते सगळं त्यात आहे. नासाचं मॅजेलन यान १९९० ते १९९४ शुक्राभोवती फिरलं, रडारने जवळजवळ सगळा ग्रह टिपला, आणि तो डेटा तेव्हापासून सगळ्यांना खुला आहे. २०२३ च्या मार्चमध्ये रॉबर्ट हेरिक आणि स्कॉट हेन्सली या दोघांनी सायन्स या जर्नलमध्ये पेपर छापला की माट मॉन्स या ज्वालामुखीजवळचं एक मुख १९९१ मध्ये आठ महिन्यांच्या अंतराने घेतलेल्या दोन फोटोंत वेगळं दिसतंय, आधी गोल आणि साधारण दोन चौरस किलोमीटरचं, नंतर वेडंवाकडं आणि जवळपास दुप्पट. म्हणजे शुक्रावर ज्वालामुखी आजही जागे आहेत याचा थेट पुरावा. तीस वर्षं तो फोटो पडून होता! अवघड का होतं तेही समजून घे, यान दोन वेळा वेगवेगळ्या कोनातून गेलं होतं, त्यामुळे तीच टेकडी दोन फोटोंत वेगळी दिसते आणि कॉम्प्युटरला आपोआप तुलना करता येत नाही, एका माणसाला बसून डोळ्यांनी एकेक जागा ताडून बघावी लागली. त्या कामाला नवं यान लागलं नाही. चिकाटी लागली, आणि दगड कसा वागतो हे आधीपासून माहीत असणं लागलं.

तर तू सुरुवात अशी कर. मॅजेलनचे फोटो जेमार्स नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये बघता येतात, अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीचं आहे, फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं. एकच छोटा ज्वालामुखी निवड, मोठा नको, आणि त्याच्या लाव्हा फ्लोंचा (प्रवाहांचा) नकाशा कर, कुठला आधीचा कुठला नंतरचा. रडारमध्ये खडबडीत पृष्ठभाग उजळ दिसतो आणि गुळगुळीत काळा, हे एवढं सूत्र धरून चाललीस तरी पहिला महिना निघेल. त्याच्याबरोबर पृथ्वीवरचा रडार शिक. युरोपच्या सेंटिनेल-१ या रडार उपग्रहाचा डेटा खुला आहे, तो वापरायचं स्नॅप सॉफ्टवेअर पण फुकट. शिवाय ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून निसार हा उपग्रह गेलाय, नासा आणि इस्रोचा मिळून, त्याच्यावर एल बँड आणि एस बँड असे वेगवेगळ्या लांबीच्या लहरींचे दोन रडार. चांद्रयान-२ वर पण एल आणि एस बँडचाच रडार आहे आणि त्याचा डेटा इस्रोच्या प्रदान पोर्टलवर नाव नोंदवून मिळतो. म्हणजे पृथ्वी, चंद्र, शुक्र, तिन्हीकडे एकच विद्या कामाला येते. आपल्या घाटावर मात्र थेट तुलना करायला जाऊ नकोस, इथे बेसाल्टवर माती आहे, शेती आहे, झाडी आहे, रडारला आधी तेच दिसतं. ताजी उघडी लाव्हा लागते, म्हणूनच अमेरिकेच्या व्हेरिटास या शुक्र मोहिमेची टीम २०२३ मध्ये जर्मन विमानावरचा रडार घेऊन आइसलँडला गेली होती. तू आइसलँडचा सेंटिनेल डेटा घरात बसून उतरवू शकतेस.

लोणारबद्दल विचारलंयस. मेहकरची मुलगी, लोणार सोडून कसं चालेल! बेसाल्टमध्ये झालेली आणि इतकी चांगली टिकलेली विवरं पृथ्वीवर फार थोडी, जवळपास १.८ किलोमीटर व्यासाचं हे विवर चंद्र-मंगळाच्या अभ्यासाला वापरतात ते त्यामुळेच. १९७० च्या दशकात तिथल्या दगडांत मास्केलिनाइट सापडलं आणि विवर धडकेने झालं हे पक्कं झालं. धडकेच्या दाबाने फेल्डस्पारची काच होते ते हे मास्केलिनाइट, आणि ते पहिल्यांदा कुठे ओळखलं गेलं माहितीये का, बिहारमध्ये शेरघाटीला १८६५ साली पडलेल्या अशनीत, जो पुढे मंगळावरून आलेला निघाला. लोणारच्या वयावर अजून एकमत नाही बघ, एका पद्धतीने ५२ हजार वर्षं येतं आणि दुसऱ्या पद्धतीने ५ लाख ७० हजार. काम शिल्लक आहे, हे एवढ्यावरून कळावं. पण आधीच खूप लोकांनी खूप लिहिलंय, त्यामुळे 'लोणारचा सर्वसाधारण अभ्यास' असला विषय घेऊ नकोस. विवराबाहेर फेकला गेलेला जो मलबा आहे, इजेक्टा, त्याचा कडेच्या एखाद्या छोट्या पट्ट्यातला तपशीलवार नकाशा घे, ते हाताला वळण लावेल. आणि तिथे अभयारण्य आहे, वनविभागाची लेखी परवानगी काढल्याशिवाय एक खडाही उचलायचा नाही. परवानगीशिवाय गोळा केलेल्या नमुन्यांवर चांगलं जर्नल पण प्रश्न विचारतं.

परीक्षांचं आता. सीएसआयआर नेटच्या तुझ्या पेपरच्या नावातच प्लॅनेटरी सायन्सेस आहे, तो दे. गेटचा जिऑलॉजी-जिओफिजिक्सचा पेपर पण दे. यातून अहमदाबादच्या पीआरएलला (फिजिकल रिसर्च लॅबोरेटरी) पीएचडीसाठी मुलाखतीपर्यंत जाता येतं. ग्रहविज्ञानाचं देशातलं सगळ्यात जुनं आणि भरवशाचं ठिकाण तेच, चांद्रयान-३ च्या रोव्हरवरचं मातीतली मूलद्रव्यं मोजणारं एपीएक्सएस त्यांनीच केलं होतं. तिरुअनंतपुरमला स्पेस फिजिक्स लॅबोरेटरी आणि अवकाशविज्ञान शिकवणारी आयआयएसटी आहेत, डेहराडूनचं रिमोट सेन्सिंग शिकवणारं आयआयआरएस आहे, त्यांचे ऑनलाइन कोर्स फुकट असतात, ते आत्ताच कर. उन्हाळ्यासाठी तिन्ही सायन्स अकॅडमींची मिळून समर फेलोशिप असते, तिचा फॉर्म साधारण दिवाळीच्या आसपास निघतो, तो चुकवू नकोस. पैशाचं बाबांना सांग, जेआरएफला (पीएचडीच्या सुरुवातीच्या फेलोशिपला) २०२३ पासून महिना ३७ हजार आणि वर घरभाडं भत्ता आहे, दोन वर्षांनी ४२ हजार होतात. यात कुणी श्रीमंत होत नाही पण घरून पैसे मागायला पण लागत नाहीत.

एमपीएससीपेक्षा यूपीएससीची जिओ-सायंटिस्टची परीक्षा बघ. अभ्यास नेट-गेटचाच आहे बराचसा आणि जीएसआयमध्ये (भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात) गेलीस तरी या विषयापासून तुटत नाहीस, देशात पडलेल्या अशनींचा मोठा संग्रह त्यांच्याकडेच आहे कोलकात्याला. हे मी समजूत काढायला म्हणत नाहीये. घरच्यांना एक नाव घेता येईल अशी वाट समोर ठेवलीस की तुला दोन वर्षं शांतपणे मिळतात, आणि ती मिळणं मला फार महत्त्वाचं वाटतं.

बाहेर जायचं असेल तर जर्मनी बघ. गॉटिंगेनला माक्स प्लांकची सोलर सिस्टिम रिसर्चची संस्था आहे, पीएचडीच्या मुलांना तिथे पगार मिळतो आणि काम इंग्रजीत चालतं. पोस्टडॉकला मेरी क्युरी फेलोशिप कुठल्याही देशाच्या माणसाला खुली असते, पण ते अजून पाच-सहा वर्षांनी, आत्ता डोक्यात घेऊ नकोस.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दर मार्चमध्ये टेक्ससला लूनर अँड प्लॅनेटरी सायन्स कॉन्फरन्स होते. तिथे दोन पानी अ‍ॅबस्ट्रॅक्ट पाठवायचं असतं, आकृत्यांसकट, आणि डेडलाइन जानेवारीच्या सुरुवातीला असते. गेल्या कितीतरी वर्षांची अ‍ॅबस्ट्रॅक्ट नेटवर फुकट वाचायला आहेत. रोज रात्री एक वाच, तीन महिन्यांत तुला कळेल की कोण कशावर काम करतंय, कुठला प्रश्न पाच वर्षं तसाच पडलाय, आणि दोन पानांत गोष्ट कशी मांडतात. मग तसंच तू लिही, तुझ्या त्या एका छोट्या ज्वालामुखीवर. लगेच टेक्ससला नको, आधी पीआरएलला इंडियन प्लॅनेटरी सायन्स कॉन्फरन्स होते तिथे पाठव, ट्रेनने जाऊन येता येतं आणि ज्यांच्याकडे पुढे पीएचडी करायची ती माणसं तिथे पोस्टरसमोर उभी राहून तुझ्याशी बोलतात. मी पोस्टर बघायला जाते तेव्हा मार्क विचारत नाही. हा फ्लो त्याच्या खाली आहे असं का म्हणतेस, एवढंच विचारते, आणि ज्या मुलीने स्वतः नकाशा केलाय तिला ते सांगता येतं. इंग्रजी अडखळलं तरी सांगता येतं.

गाइडला मेल करशील तेव्हा 'रिस्पेक्टेड सर' लिहून चाळीस जणांना एकच मजकूर पाठवू नकोस, तसले मेल ओळखू येतात. चार ओळी पुरेत, त्यांचा कुठला पेपर वाचलास, त्यातलं काय कळलं नाही, तू काय केलंयस आणि नकाशाची एक आकृती जोड. आणि जागा मिळाली तरी हो म्हणायच्या आधी तिथल्या चालू पीएचडीच्या मुलांशी फोनवर बोल, मेलवर नको, फोनवर. सुट्टी मिळते का, पेपरवर पहिलं नाव कुणाचं लागतं, आधीची मुलं किती वर्षांत सुटली, हे सरळ विचार. मुली असतील तर त्यांच्याशी आधी. नामांकित लॅब आणि धाकात ठेवणारा गाइड यापेक्षा साधी लॅब आणि माणूस म्हणून नीट वागणारा गाइड घे, यावर मी ठाम आहे.

जेमार्स आज उतरवून घे. ज्वालामुखी निवडलास की त्याचं नाव, अक्षांश-रेखांश आणि तोच का निवडलास याच्या पाच ओळी मला पाठव, मराठीत लिहिल्यास तरी चालतील, मग रविवारी संध्याकाळी कॉलवर स्क्रीन शेअर करून पहिला फ्लो आपण दोघी मिळून काढू.

तुझी,
ताई