पावसाळा संपताना गोवा-कोकणच्या समुद्रात तळाच्या पाण्यातला प्राणवायू का संपतो? प्रदूषणामुळे का?

मुळात नाही. हे मोसमी वाऱ्यांचं काम आहे.

जूनच्या सुमारास किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे वाहू लागतो आणि खालचं थंड पाणी उथळ भागात वर चढतं. या पाण्यात प्राणवायू आधीच कमी, कारण अरबी समुद्रात साधारण 150 ते 1000 मीटर खोलीवर जवळजवळ प्राणवायूच नसलेला जाड थर आहे. पण कळीचा मुद्दा वेगळाच. सह्याद्रीवर कोसळलेला पाऊस मांडवी-झुआरीसारख्या नद्यांतून समुद्रात येतो. गोडं पाणी हलकं, त्यामुळे दुधावरच्या सायीसारखा त्याचा काही मीटरांचा थर वर बसतो आणि हवेतला प्राणवायू खाली पोचत नाही. वर वाढलेलं प्लवंग (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती) मरून तळाशी जातं, कुजतं, उरलासुरला प्राणवायूही संपवतं.

मग जिवाणू श्वसनासाठी प्राणवायूऐवजी पाण्यात विरघळलेल्या नायट्रेटकडे वळतात. त्यातून नायट्रस ऑक्साइड तयार होतो, जो कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी पट तीव्र हरितगृह वायू आहे. नायट्रेटही संपलं की सल्फेटची पाळी. मग हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे सडक्या अंड्यांचा वास. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि सहकाऱ्यांनी 1999 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हा वायू इथे मोजला होता.

हिवाळ्याकडे प्रवाह उलटतो आणि पाणी सावरतं. मात्र खतांतला नायट्रोजन प्लवंगाला जादा खाद्य पुरवतो. माणसाचा हात आहे तो इथे, आणि तो आवरायलाच हवा.