यूपीएस संगणकाला दिसत नाही? आधी केबल बघा

सॉफ्टवेअर पुन्हा टाकायची घाई करू नका. काही यूपीएसच्या मागचा सॉकेट लॅनसारखा दिसतो, पण तो 10 पिनांचा असतो. 8 पिनांची लॅन केबल त्यात बसते, चालत मात्र नाही. सोबत आलेलीच केबल वापरा. हब काढून थेट मदरबोर्डच्या मागच्या पोर्टला जोडा.

मग लिनक्सवर 'एलएसयूएसबी' (lsusb, जोडलेल्या यूएसबी उपकरणांची यादी देणारी आज्ञा) चालवा. यादीत 051डी (एपीसी) किंवा 0764 (सायबरपॉवर) असा कंपनीचा क्रमांक दिसला, तर केबल ठीक. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजरच्या 'बॅटरीज'खाली यूपीएसची नोंद शोधा.

यादीत आहे, तरी ड्रायव्हर 'डिव्हाइस सापडलं नाही' म्हणतो? बहुतेक वेळा अडचण परवानगीची असते. नट (NUT, यूपीएसवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर) नुकतंच बसवलं असेल तर यूडेव्हचा (लिनक्समध्ये उपकरणांच्या परवानग्या ठरवणारी यंत्रणा) नियम आधीपासून जोडलेल्या यूपीएसला लागू झालेला नसतो; केबल काढून परत लावली की काम होतं. नट आणि एपीसीयूपीएसडी (apcupsd, त्याच कामाचं दुसरं सॉफ्टवेअर) एकदम चालवू नका, दोघं एकाच पोर्टसाठी भांडतात. यूपीएसचा यूएसबी व्हर्च्युअल मशीनला दिला असेल तर होस्टवरच्या (मूळ संगणकावरच्या) ड्रायव्हरला यूपीएस मिळणारच नाही.

थोडा वेळ चालून 'डेटा स्टेल' (यूपीएसकडून ताजी माहिती येत नाही) असा संदेश येत असेल तर त्या पोर्टचं ऑटोसस्पेंड (वीज वाचवायला पोर्ट आपोआप झोपवणं) बंद करा.

शेवटी चाचणी. भिंतीवरचं बटण बंद करा (प्लग उपसू नका, अर्थिंग तुटतं). नटमधली स्थिती 'ओएल'वरून (OL, वीज चालू) 'ओबी' (OB, बॅटरीवर) व्हायला हवी.