वाचकांचे प्रश्न : बिऱ्हाड हलते, पत्ता हलू नये

प्रश्न : फ्रीडेस्कटॉप या मुक्त प्रकल्पाला २०२५ मध्ये आपल्या सेवा नव्या होस्टकडे, म्हणजे सर्व्हर पुरवणाऱ्या कंपनीकडे, हलवाव्या लागल्या आणि त्यात काही दिवस काम अडले, असे वाचनात आले. गिट (कोडमधले बदल नोंदवणारी प्रणाली) वापरणाऱ्या प्रत्येकाकडे संपूर्ण कोड असतोच, तर मग हे स्थलांतर इतके अवघड का व्हावे? (एक वाचक, पुणे)

उत्तर : कोडपुरते आपले म्हणणे बरोबर आहे. गिटमधला कोड म्हणजे विंचवाचे बिऱ्हाड; ज्याने रिपॉझिटरी (कोडचे भांडार) क्लोन केली, म्हणजे तिची पूर्ण प्रत घेतली, त्याच्याकडे पहिल्या कमिटपासूनचा, म्हणजे पहिल्या नोंदवलेल्या बदलापासूनचा, इतिहास असतो आणि तो नव्या सर्व्हरवर चढवायला फारसा वेळ लागत नाही. अडचण येते ती कोडभोवती वर्षानुवर्षे साचलेल्या गोष्टींची. बगच्या (दोषांच्या) नोंदी, त्यांवरील चर्चा, मर्ज रिक्वेस्ट (बदल सामील करून घेण्याच्या विनंत्या), सदस्यांची खाती आणि प्रत्येक बदलानंतर आपोआप चालणाऱ्या चाचण्यांची यंत्रणा यांपैकी काहीच क्लोनमध्ये येत नाही. ते सारे होस्टकडच्या डेटाबेसमध्ये आणि डिस्कवर असते.

फ्रीडेस्कटॉपच्या छपराखाली मेसा, वेलँड, एक्स.ऑर्ग, पाइपवायर असे प्रकल्प नांदतात. म्हणजे लिनक्सच्या पडद्यावर जे दिसते आणि स्पीकरमधून जे ऐकू येते, त्याचा मोठा भाग तेथे घडतो. कोड, बगनोंदी आणि चाचण्या एकत्र सांभाळणारी त्यांची गिटलॅब यंत्रणा पूर्वी गुगल क्लाउडवर होती. २०२० च्या सुरुवातीला तिचा खर्च वर्षाला सुमारे ७५ हजार डॉलरच्या घरात जाणार असे दिसू लागले आणि स्वयंचलित चाचण्या बंद कराव्या लागतील, असा इशारा देण्याची वेळ आली. हा पैसा कोड साठवण्यात जात नव्हता. चाचणीच्या फेरीगणिक कंटेनरच्या (चाचणीसाठी लागणाऱ्या तयार सॉफ्टवेअर-संचाच्या) अवजड फाइली पुन्हा पुन्हा डाउनलोड होत होत्या, आणि मोठे क्लाउडवाले सहसा आत येणाऱ्या डेटाचे काही घेत नसले, तरी बाहेर जाणाऱ्या डेटाचे चोख पैसे लावतात. पुढे इक्विनिक्स मेटलने सर्व्हर देणगीदाखल दिले. मात्र त्या कंपनीने ही सेवाच गुंडाळायचे ठरवले आणि २०२५ च्या एप्रिलअखेर जागा सोडण्याची पाळी आली. त्याच वर्षी मार्चमध्ये सारा डेटा हेट्झनर या जर्मन कंपनीच्या सर्व्हरवर, या वेळी भाडे भरून, नेण्यात आला. फुकट मिळालेल्या जागेबद्दल कृतज्ञ जरूर असावे. पण भाड्याची पावती हाती असलेली बरी, असे माझे मत आहे.

प्रश्न : आमचा सात-आठ स्वयंसेवकांचा मराठी कळफलकाचा छोटा मुक्त प्रकल्प आहे. संकेतस्थळ, गिट आणि मेल एकाच भाड्याच्या सर्व्हरवर आहेत आणि तो महिनाअखेर सोडायचा आहे. कामाचा क्रम काय ठेवावा? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : सर्व्हरकडे वळण्याआधी डोमेन (संकेतस्थळाचे नाव) कोणाच्या नावावर आहे ते पाहा. बहुतेक छोट्या प्रकल्पांत ते एखाद्या सदस्याच्या वैयक्तिक खात्यात असते, आणि तो सदस्य एव्हाना नोकरी-संसारात गुंतून दिसेनासा झालेला असतो. सर्व्हर दुसरा घेता येतो, पण हातचे गेलेले डोमेन परत मिळेलच असे नाही. तेव्हा किमान दोघांना त्या खात्यात प्रवेश असू द्या.

त्यानंतर बॅकअप केवळ काढून ठेवू नका, तो नव्या सर्व्हरवर उतरवून, लॉगइन करून पाहा. या वेळी गिटच्या प्रणालीची आणि डेटाबेसची आवृत्ती जुनीच ठेवावी. हलवता हलवता अद्ययावतही करून घेऊ, हा मोह बहुतेकांना होतो. पण मग काही बिघडल्यास दोष स्थलांतराचा की नव्या आवृत्तीचा, हे कळेनासे होते.

डीएनएसमधील (डोमेनवरून सर्व्हरचा पत्ता सांगणाऱ्या व्यवस्थेतील) टीटीएल, म्हणजे तो पत्ता इतरांनी किती काळ लक्षात ठेवावा याचा आकडा, ८६४०० सेकंद, म्हणजे एक दिवस असेल, तर तो निदान दोन दिवस आधी ३०० वर आणा. आयत्या वेळी कमी करून उपयोग नसतो, कारण जुना पत्ता जुन्या मुदतीसह ठिकठिकाणच्या सर्व्हरांनी आधीच लक्षात ठेवलेला असतो. ठरल्या दिवशी जुन्या सर्व्हरवरचे लेखन बंद करून अखेरची प्रत घ्यावी, ती नव्या सर्व्हरवर उतरवावी आणि मगच पत्ता बदलावा. एसएसएचच्या (सर्व्हरशी सुरक्षित जोडणीच्या) होस्ट-किल्ल्याही, म्हणजे सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या फाइलीही, सोबत न्या. नाहीतर प्रत्येकाच्या संगणकावर धोक्याची सूचना झळकेल आणि ती न वाचताच पुढे जाण्याची सवय लोकांना लागेल.

मेल मात्र स्वतः चालवण्याचा हट्ट सोडावा, असे मी सुचवीन. नव्या आयपी पत्त्यावर मोठे मेलवाले सहजी विश्वास ठेवत नाहीत, आणि अनेक होस्ट नव्या ग्राहकाला पोर्ट २५, म्हणजे मेल पाठवण्याची वाट, बंदच ठेवून देतात.

प्रश्न : स्थलांतरात बगचे क्रमांक बदलले तर चालेल का? (एक वाचक, फोंडा)

उत्तर : सहसा चालत नाही. 'बग ४१२ पाहा' अशी टीप जुन्या कमिटमध्ये असते आणि ती दुरुस्त करायची तर त्या कमिटची व पुढच्या सगळ्या कमिटची ओळख बदलते. पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या प्रकल्पाने एप्रिल २०२२ मध्ये आपल्या बगनोंदी गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर नेल्या तेव्हा क्रमांक नवे आले. म्हणून जुने संकेतस्थळ केवळ वाचण्यापुरते चालू ठेवून प्रत्येक नोंदीवरून नव्या नोंदीकडे दुवा देण्यात आला. आपल्याला एवढा खटाटोप झेपणार नसेल, तर जुन्या-नव्या क्रमांकांची एक साधी यादी करून ती रिपॉझिटरीतच ठेवा. पुढच्या खेपेला ती कोडाबरोबर आपोआप येईल.