सात वर्षं ठेकेदाराकडे काम केलंय, आता पर्मनंट नोकरीसाठी रेफरन्स कुणाचा देऊ?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापूरजवळ शिरोलीच्या एका फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) सात वर्षं इन्स्पेक्शनला आहात, पण हजेरी आणि पगार ठेकेदाराचा. आता कागल फाइव्ह स्टार एमआयडीसीतल्या कंपनीत पर्मनंट जागा आहे आणि फॉर्मवर दोन रेफरन्स मागितलेत. ठेकेदार म्हणतो "बघू", फाउंड्रीचा एचआर म्हणतो "तुम्ही आमचे कामगार नाही". मग नाव लिहायचं कुणाचं?

मी गोकुळ शिरगावात एचआरला आहे. असे फोन मी रोज लावतो आणि मलाही येतात, म्हणून टेबलाच्या या बाजूने सांगतो.

आम्ही दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासतो. कुठे, कधीपासून कधीपर्यंत होतात, हे कागदावर बघतो. काम कसं करता, हे माणसाला विचारतो. कंत्राटी उमेदवाराची गल्लत इथेच होते. कामाबद्दल बोलायला तो ठेकेदाराचं नाव देतो, आणि ठेकेदाराला त्याचा चेहरासुद्धा धड आठवत नसतो. मी फोन केला की पलीकडून "हां हां, चांगला पोरगा आहे" एवढंच येतं. कुठल्या मशीनवर होता विचारलं की फोन मुकादमाकडे जातो.

म्हणून नाव द्या ज्याने तुम्हाला काम करताना पाहिलंय त्याचं. तुमचा शिफ्ट इनचार्ज, क्यूएचा म्हणजे क्वालिटीचा इंजिनिअर किंवा मशीन शॉपचा सुपरवायझर. तो कंपनीच्या पगारावर आणि तुम्ही ठेकेदाराच्या, याने काही बिघडत नाही. उलट असा माणूस आता ती फाउंड्री सोडून चाकणला वगैरे गेला असेल, तर आणखी चांगलं. तो मोकळेपणाने बोलतो, तिथल्या साहेबांची भीती त्याला उरलेली नसते. फक्त नंबर चालू आहे का बघून घ्या.

फाउंड्रीचा एचआर लेटरहेडवर काही देत नाही, त्याचा राग मानू नका. उद्या तेच पत्र घेऊन कुणी "मी खरं तर तुमचाच कामगार" म्हणत कामगार न्यायालयात उभा राहील, ही धास्ती प्रत्येक कंपनीला असते. पत्राचा आग्रह सोडा. सुपरवायझर स्वतःच्या मोबाईलवर दोन मिनिटं बोलायला तयार झाला, तरी आमचं काम भागतं.

त्याला अंधारात ठेवू नका. अनोळखी नंबरवरून "अमुक तुमच्याकडे होता का" असा फोन अचानक आला की भला माणूससुद्धा सावध होऊन "नंतर बोलतो" म्हणतो, आणि ते "नंतर" येत नाही. आधी फोन करा आणि मग व्हॉट्सॲपवर असं काहीतरी टाका: "सर, मी दुसऱ्या शिफ्टला फायनल इन्स्पेक्शनला होतो. ब्रॅकेटच्या कास्टिंगला ब्लोहोलचं रिजेक्शन वाढलं होतं, तेव्हा हीट नंबरप्रमाणे माल वेगळा काढून नोंद ठेवायचं काम माझ्याकडे होतं. कागलच्या कंपनीत क्यूएची जागा आहे, त्यांचा फोन येईल. तेवढं सांगाल का?" (ब्लोहोल म्हणजे कास्टिंगमध्ये राहिलेली हवेची पोकळी, हीट नंबर म्हणजे भट्टीतल्या एका घाण्याचा नंबर.) त्याच्या हाताखाली पन्नास पोरं येऊन गेलेली असतात. नाव विसरला तरी ते रिजेक्शन तो विसरलेला नसतो.

फोनवर आम्ही काय विचारतो, तेही ऐका. किती वर्षं ओळखता, नेमकं काम काय होतं, खाडे किती, का सोडतोय. शेवटी "पुन्हा जागा निघाली तर घ्याल का?" बाकीच्या उत्तरांपेक्षा मी याच्याकडे जास्त लक्ष देतो. "घेईन की, उद्या पाठवा" असं पटकन आलं तर फाईल पुढे सरकते. पलीकडे शांतता पसरली की मी पेन खाली ठेवतो. म्हणून नाव देण्याआधी हाच प्रश्न तुम्ही त्याला विचारा.

आणखी एक बारीक गोष्ट. आपल्याकडे बऱ्याच कारखान्यांना सोमवारची सुट्टी. तपासणीचं काम पुण्या-मुंबईच्या एजन्सीकडे असेल तर ते नेमका सोमवारी फोन लावतात आणि "संपर्क झाला नाही" असा शेरा मारून मोकळे होतात. फॉर्ममध्ये नावापुढे वार आणि वेळ लिहा.

नगरसेवक, साखर कारखान्याचे संचालक, मामांचे साडू यांची नावं लिहू नका. कोल्हापुरात हे सर्रास चालतं आणि लिहिणाऱ्याला वाटतं वजन पडेल. आम्हाला फक्त एवढंच कळतं, की तुमच्या कामाबद्दल बोलणारं कुणी नाही.

आता कागद. सीव्हीमध्ये नोकरी देणारा म्हणून फाउंड्रीचं नाव लिहू नका, तपासणीत तिथेच अडकाल. "कामाचं ठिकाण अमुक फाउंड्री, तमुक ठेकेदारामार्फत" असं सरळ लिहा. सात वर्षांत ठेकेदार बदललेही असतील. माणूस त्याच टेबलावर, पण दर टेंडरला मालक नवा. पीएफच्या सर्व्हिस हिस्टरीत ती प्रत्येक फर्म वेगळी दिसते आणि लांबून बघणाऱ्याला वाटतं पोरगा टिकत नाही. कामाची जागा एकच होती, हे एका ओळीत आधीच सांगून टाका. यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) एकच आहे ना, जुन्या ठेकेदाराने नोकरी सोडल्याची तारीख भरलीय ना, हे आजच बघा. भरली नसेल तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती पोर्टलवर तुम्हाला स्वतः भरता येते. जुने गेट पासही जपून ठेवा, त्यावर बहुधा ठेकेदार आणि कंपनी दोघांची नावं असतात. ड्रॉइंग किंवा इन्स्पेक्शन रिपोर्टचे फोटो मात्र मुलाखतीत दाखवू नका. इथला माल तिथे दाखवणारा उद्या आमचाही दाखवेल, असंच समोरच्याच्या मनात येतं.

ठेकेदाराच्या "बघू"वर उपाय आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या कामगार संहितांपैकी सुरक्षा आणि आरोग्याच्या संहितेत, कंत्राटी कामगाराने मागितल्यावर ठेकेदाराने अनुभव प्रमाणपत्र द्यायचं आणि त्यात कामाचा तपशील लिहायचा, असं कलम आहे. 50 किंवा जास्त कंत्राटी माणसं असलेल्यांना ते लागू होतं. कायदा दाखवून भांडायला जाऊ नका. मजकूर तुम्हीच टाईप करून न्या, त्याला फक्त सही-शिक्का मारायचा राहू दे. निम्मे ठेकेदार लिहायच्या कंटाळ्यापायी टाळतात.

पण हे मागायचं कधी? ऑफर लेटर हातात पडल्यावर. सध्याच्या जागेबद्दल फॉर्ममध्ये "ऑफरनंतर संपर्क करावा" असं लिहा, ते कुणी खटकून घेत नाही. कंत्राटी माणसाचा गेट पास बंद करायला एक फोन पुरतो, आणि शिरोलीतली बातमी कागलला पोचायला तेवढाही लागत नाही. इथले एचआर एकमेकांना ओळखतात, फॉर्मवर नसलेल्या माणसालाही सहज विचारून घेतात. त्यामुळे सध्याच्या सुपरवायझरचं नाव आत्ता देऊ नका. त्याच फाउंड्रीतून बाहेर पडलेला एक जुना इनचार्ज आणि तुमच्याबरोबर काम केलेला, आता दुसरीकडे गेलेला एखादा क्यूए इंजिनिअर, अशी दोन नावं भरा. ठेकेदाराचा नंबर फक्त तारखांच्या रकान्यात द्या.